मॅटसायन्समधला पहिला आठवडा: उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचा अनुभव

गेल्या काही महिन्यांत आमच्या विभागातल्या मुलामुलींनी मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला आहे: उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यावर तिथे जाऊन नेमके करायचे काय असते? अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे लागतात हे शोधल्यावर सापडते. परंतु एखाद्या मोठ्या संस्थेच्या दारात पिशवी घेऊन उभे राहिल्यावर पहिले आठ दिवस कसे जातात, हे जाण्याआधी मलाही कोणी सांगितले नव्हते. मॅटसायन्समधला, म्हणजे चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधला, माझा संपूर्ण कार्यक्रम दोन महिन्यांचा होता. तरीही येथे मी मुख्यतः पहिल्या आठवड्याबद्दल लिहिते आहे, कारण भीती त्याचीच वाटते आणि पुढचे काम कसे चालणार हेही बरेचसे त्याच आठवड्यात ठरते.

बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन अकादमी मिळून ही शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही अर्ज करता येतो, आणि निवड झालेल्याला देशातल्या एखाद्या संस्थेतील संशोधकाच्या हाताखाली उन्हाळ्यात काम करायला मिळते. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ज भरला. गुणपत्रिका आणि ओळखपत्र यांना वेळ लागला नाही. खरा वेळ गेला तो आपल्याला काय करायचे आहे याबद्दलच्या छोट्या टिपणाला. माझ्या पहिल्या मसुद्यात लहानपणापासून गणिताची आवड असल्याचे लिहिले होते. आमच्या मॅडमनी तो वाचून विचारले की, यातले कोणते वाक्य फक्त तूच लिहू शकली असतीस? त्यानंतर मी आवडीविषयीचा सगळा मजकूर काढून टाकला आणि एका संख्येची विभाजने मोजण्याच्या प्रश्नाबद्दल लिहिले. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशी पाच प्रकारे फोडता येते, पण हेच १०० साठी करायला गेले तर उत्तर १९,०५,६९,२९२ येते. ही वाढ कशी समजून घ्यायची, याबद्दल मी काय वाचले आहे आणि कुठे अडले आहे, एवढेच त्यात होते. तुमचे टिपण लिहिताना अडलेली जागा अवश्य सांगा, असे मी आग्रहाने सुचवीन. वाचणाऱ्याला तुमची तयारी तिथूनच कळते.

शिफारसपत्रासाठी मॅडमना मी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच विचारून ठेवले होते. सुट्टीत शिक्षक गावी जातात, महाविद्यालयाचे कार्यालय बंद असते आणि मुदत मात्र जवळ येत राहते, त्यामुळे ऑक्टोबरमध्येच हे काम उरकणे बरे. त्यानंतर हिवाळाभर वाट पाहणे होते. त्या काळात मी एमटीटीएसचीही माहिती काढून ठेवली होती. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा गणिताचा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम संशोधनाचा नाही, पण प्रश्न विचारत, स्वतः सिद्धता शोधत शिकण्याची जी सवय तिथे लागते ती कुठेही उपयोगी पडते, असे आमच्या विभागातल्या एका ताईने सांगितले होते. मार्चमध्ये अकादमीकडून निवडीचे पत्र आले. काम चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये, विषय बीजगणितीय कॉम्बिनेटोरिक्स (मांडण्या आणि रचना मोजण्याचे, बीजगणिताशी जोडलेले गणित), आणि हजर होण्याची तारीख सोमवार, १९ मे २०२५.

आनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी कामांची यादीही लांबली. विभागप्रमुखांचे ना हरकत प्रमाणपत्र हवे होते. परीक्षा १९ मेपूर्वी संपणार का, याची खात्री करायची होती. आणि घरी समजूत घालायची होती. मी चाळीसगावची. शिक्षणासाठी जळगावपर्यंत गेलेली, पण महाराष्ट्राबाहेर एकटी कधी राहिलेली नव्हते. बाबांचा विरोध नव्हता, पण राहण्याची सोय कुठे, दरवाजा किती वाजता बंद होतो, रात्री फोन कोणाला करायचा, हे त्यांना माहीत करून घ्यायचे होते. मी संस्थेच्या कार्यालयाला हे सगळे प्रश्न एकाच ईमेलमध्ये, क्रमांक देऊन विचारले आणि आलेले उत्तर छापून बाबांच्या हातात दिले. तोंडी सांगण्यापेक्षा त्या एका कागदाने त्यांचे मन जास्त निश्चिंत झाले. घरून परवानगी मिळवताना अडचण येत असेल, तर हा मार्ग करून पाहावा.

चाळीसगावहून चेन्नईला जायचे तर जळगावहून नवजीवन एक्सप्रेस सोयीची पडते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते आणि मे महिन्याची गर्दी लक्षात घेता पहिल्याच दिवशी तिकीट काढणे शहाणपणाचे ठरते. स्लीपरला मला सहाशे रुपयांच्या आसपास खर्च आला. तिकिटाची मूळ प्रत जपून ठेवावी, कारण प्रवासखर्चाची भरपाई मागताना ती जोडावी लागते. शुक्रवारी रात्री जळगावला आत्याकडे मुक्काम केला आणि शनिवारी, १७ मे रोजी सकाळी गाडीत बसले. अकोला, वर्धा, बल्लारशाह करत गाडी तेलंगणात शिरली, डब्यातली मराठी हळूहळू कमी होत गेली, आणि रात्री विजयवाड्यानंतर मी मुद्दाम वही काढून बसले, कारण झोप लागत नव्हती. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रविवारी सकाळपर्यंत पुरली.

चेन्नई सेंट्रलहून तरमणीला रिक्षाने साडेतीनशे रुपये घेतले. नंतर कळले की शहरातली उन्नत लोकल तिरुवान्मियूरला थांबते आणि तिथून संस्था जवळ आहे. सामान थोडे असेल तर तो मार्ग फारच स्वस्त पडतो. उन्हाबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. जळगावचा पारा मेमध्ये चेन्नईपेक्षा वर असतो, म्हणून मला उन्हाची सवय आहे असे मी गृहीत धरले होते. परंतु खानदेशातले ऊन कोरडे असते. चेन्नईत मेमध्ये अग्नि नक्षत्राचे, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे, दिवस चालू असतात आणि समुद्राच्या दमट हवेमुळे घाम वाळतच नाही. सुती कपडे, दोन जास्तीचे पंचे, पाण्याची मोठी बाटली आणि डासांसाठी काहीतरी, एवढे बरोबर असू द्यावे. वसतिगृहाच्या खोलीत पलंग, टेबल आणि पंखा होता. चादर आणि उशीची खोळ मी घरून नेली होती. खोलीत माझ्याबरोबर केरळमधली एक मुलगी होती. ती माझ्याआधी दोनच दिवस आलेली असल्यामुळे जेवणाच्या वेळा, पिण्याच्या पाण्याची जागा आणि कपडे वाळत घालण्याची गच्ची हे सगळे तिने मला त्याच दुपारी दाखवले.

सोमवारचा अर्धा दिवस कागदपत्रांत गेला. निवडपत्र, आधार कार्ड, ना हरकत प्रमाणपत्र आणि छायाचित्रे कार्यालयात दिली. त्याबदल्यात तात्पुरते ओळखपत्र मिळाले. संगणक वापरासाठी एक अर्ज, ग्रंथालयासाठी दुसरा, मेससाठी तिसरा. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र लागले, त्यामुळे डझनभर प्रती नेल्याचा उपयोग झाला. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे हजर झाल्याचा अहवाल: त्यावर मार्गदर्शकांची सही घेऊन तो अकादमीकडे पाठवायचा असतो, आणि विद्यावेतनाची पुढची सगळी प्रक्रिया त्यावर अवलंबून असते. बँक खात्याचा तपशील देताना पासबुकाच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत जोडावी. विद्यावेतन पहिल्याच दिवशी हाती पडत नाही, म्हणून सुरुवातीच्या महिन्याचा खर्च भागेल एवढे पैसे स्वतःजवळ असणे आवश्यक आहे. मी सहा हजार रुपये घेऊन गेले होते आणि ते पुरले.

ग्रंथालयाच्या अर्जावर सही होण्याची वाट पाहत असताना मला रामानुजन यांची आठवण झाली, आणि ती या शहरात होणे स्वाभाविकच होते. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले, आणि १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. त्या वृत्तीची अट अशी होती की दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करायचा. त्यांचे ते अहवाल आजही अभ्यासले जातात. आपल्याला चौथ्या आणि आठव्या आठवड्याला अहवाल द्यायचा आहे हे वाचून मला आलेले दडपण त्या विचाराने पुष्कळ कमी झाले. अहवाल हा कामाचाच भाग आहे, त्याच्यावरचा पहारा नाही, असे वाटू लागले.

संस्थेला येथे सगळे मॅटसायन्स म्हणतात. अल्लादी रामकृष्णन यांनी १९६२ मध्ये तिची स्थापना केली. आवारात झाडे भरपूर आहेत, आणि जिथे बसायला जागा तिथे फळा, अशी व्यवस्था आहे. मार्गदर्शकांची पहिली भेट दुपारी झाली. मी घरून दोन पाने भरून आतापर्यंत काय शिकले याची यादी नेली होती. सरांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि खडू माझ्या हातात दिला. १, २, ३, ४ हे अंक किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील? मी २४ म्हटले. मग त्यांनी विचारले की हा प्रश्न तुम्ही प्रथम कुठे पाहिलात? मी खरे उत्तर दिले. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने तो मठ उभारला. आमच्या शाळेची सहल तिथे जायची, आणि गुरुजींनी लीलावतीतला अंकपाशाचा, म्हणजे मांडण्या मोजण्याचा, प्रश्न सांगितला होता: विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे अदलाबदल करून धरली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर २४. शंकराच्या दहा हातांसाठी तेच ३६,२८,८०० होते. सरांना हे आवडले, आणि आठवडाभराचे काम त्यांनी याच २४ वर बेतले.

ते काम येथे जरा सविस्तर सांगते, कारण संशोधनाच्या आठवड्यात प्रत्यक्ष काय करतात हे त्याशिवाय कळणार नाही. एक नियम घ्यायचा. दिलेल्या मांडणीतले अंक एकामागून एक उचलून चौकटीत बसवत जायचे. नवा अंक पहिल्या ओळीतल्या सर्वांपेक्षा मोठा असेल तर तो शेवटी बसतो. नसेल, तर एसटीत आरक्षणवाला प्रवासी येऊन बसलेल्याला उठवतो त्याप्रमाणे, तो आपल्यापेक्षा मोठ्या अंकांपैकी सर्वांत लहान अंकाला उठवून त्याच्या जागी बसतो, आणि उठलेला अंक खालच्या ओळीत जाऊन याच नियमाने जागा शोधतो. उदाहरणार्थ ३, १, ४, २. प्रथम ३ बसतो. १ येऊन ३ ला उठवतो आणि ३ दुसऱ्या ओळीत जातो. ४ मोठा असल्यामुळे १ च्या शेजारी बसतो. २ येऊन ४ ला उठवतो आणि ४ खाली ३ च्या शेजारी जातो. अखेरीस पहिल्या ओळीत १, २ आणि दुसऱ्या ओळीत ३, ४ असा तक्ता तयार होतो. नवे घर कितव्या पायरीला उघडले याची नोंद दुसऱ्या तक्त्यात ठेवायची. येथे त्याच्या पहिल्या ओळीत १, ३ आणि दुसऱ्या ओळीत २, ४ येतात. अशा तक्त्यांना स्टँडर्ड यंग टॅब्लो म्हणतात: ओळीत डावीकडून उजवीकडे आणि स्तंभात वरून खाली अंक वाढत जातात. या पद्धतीचा इतिहास रॉबिन्सन यांच्या १९३८ च्या, शेन्स्टेड यांच्या १९६१ च्या आणि नुथ यांच्या १९७० च्या कामातून घडला, म्हणून तिला तिघांच्या आद्याक्षरांवरून आरएसके म्हणतात. तक्त्यांची जोडी हाती असली की उलट्या पावलांनी जाऊन मूळ मांडणी परत मिळते, आणि म्हणूनच मांडण्या आणि समान आकाराच्या (म्हणजे प्रत्येक ओळीत तेवढीच घरे असलेल्या) तक्त्यांच्या जोड्या यांची संख्या सारखीच असते.

सरांचे सांगणे एवढेच होते की, चोवीसच्या चोवीस मांडण्यांचे तक्ते हाताने काढा, संगणक वापरू नका, आणि सिद्धता इतक्यात वाचू नका. शिवाय वीसेक पानांचे एक टिपण दिले, पण त्यातले पहिले तीनच विभाग वाचायला सांगितले.

मंगळवारी मी ग्रंथालयात बसून टिपण वाचायला घेतले आणि दुपारपर्यंत दीड पानाच्या पुढे सरकले नाही. महाविद्यालयात आपण पुस्तकाचे प्रकरण दोन दिवसांत संपवतो, म्हणून ही गती मला भयंकर वाटली. त्यातच संध्याकाळी उन्हाळी विद्यार्थ्यांची ओळख झाली. काही जण मोठ्या नावाजलेल्या संस्थांमधून आलेले होते, त्यांच्या बोलण्यात मी न ऐकलेले शब्द सहज येत होते, आणि जेवताना मी जवळजवळ गप्पच राहिले. रात्री आईशी बोलताना मी जेवणाविषयी पुष्कळ सांगितले आणि कामाविषयी काही सांगितले नाही.

बुधवारी दुपारी चर्चासत्र होते. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान पहिल्या दहा मिनिटांनंतर माझ्या आवाक्याबाहेर गेले. पण त्या तासाभरात मी एक गोष्ट पाहिली आणि ती मला या आठवड्यातली सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या रांगेत बसलेल्या, केस पिकलेल्या एका प्राध्यापकांनी हात वर करून विचारले की, तुम्ही आत्ता लिहिलेल्या चिन्हाचा अर्थ काय? वक्त्यांनी अर्थ सांगितला. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले की, हे सर्वांत लहान उदाहरणात कसे दिसते? त्यांना प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच नव्हता आणि कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्यही नव्हते. चहाच्या वेळी मी पीएच.डी. करणाऱ्या एका अक्कांना याबद्दल बोलले. त्या म्हणाल्या की न समजणे ही येथली रोजची स्थिती आहे, फरक एवढाच की जुने लोक आपल्याला कुठपर्यंत समजले ते अचूक सांगू शकतात. मग त्यांनी मला एक पद्धत दिली: रोज रात्री वहीत तीन ओळी लिहायच्या, आज काय समजले, कुठे अडले, आणि उद्या कोणते छोटे उदाहरण करून पाहणार. मी त्या रात्रीपासून ते सुरू केले. मार्गदर्शकांच्या भेटीला जाताना हीच वही न्यावी. काय बोलावे हा प्रश्नच राहत नाही.

दीड पानांची भीतीही त्यामुळे गेली. टिपणातला तो दीड पानांचा मजकूर समजण्यासाठी मी पाच आकारांचे सगळे तक्ते काढले होते, आणि तेच खरे वाचन होते.

गुरुवारचा दिवस मला कायम लक्षात राहील. चोवीस मांडण्यांचे तक्ते पूर्ण झाले होते आणि मी ते आकारांप्रमाणे वेगळे करत होते. ४ च्या पाच विभाजनांना पाच आकार. एका आकाराचे किती तक्ते होतात हे सांगणारे सुंदर सूत्र फ्रेम, रॉबिन्सन आणि थ्रॉल यांनी १९५४ मध्ये दिले आहे: प्रत्येक घरातून उजवीकडची आणि खालची घरे मोजायची, त्यात ते घरही धरायचे, आणि या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराने ४ च्या क्रमगुणिताला, म्हणजे २४ ला, भागायचे. दोन बाय दोनच्या आकारात त्या संख्या ३, २, २, १ येतात, गुणाकार १२, आणि तक्ते २. पाच आकारांसाठी मला १, ३, २, ३, १ मिळाले. जोड्या असल्यामुळे यांचे वर्ग घ्यायचे: १+९+४+९+१, बरोबर २४. विष्णूच्या मूर्तींची ती जुनी संख्या पाच वर्गांची बेरीज होऊन समोर आली, तेव्हा मी ग्रंथालयात बसल्या बसल्या ते पान दोनदा पुसून पुन्हा लिहिले, केवळ ते पुन्हा घडताना पाहावे म्हणून. पाच अंकांसाठी करून पाहिले: १, ४, ५, ६, ५, ४, १ यांच्या वर्गांची बेरीज १२०. तेही जुळले.

दुपारी आणखी एक गोष्ट दिसली. ३, १, ४, २ या मांडणीत १ दुसऱ्या जागी, २ चौथ्या, ३ पहिल्या आणि ४ तिसऱ्या जागी आहे. या जागा क्रमाने लिहिल्या की २, ४, १, ३ ही उलट मांडणी मिळते. तिचे तक्ते मी आदल्या दिवशीच काढले होते. ते शेजारी ठेवले तर तेच दोन तक्ते होते, फक्त पहिला दुसऱ्याच्या जागी आणि दुसरा पहिल्याच्या जागी. मी वहीतल्या सगळ्या जोड्या तपासल्या आणि प्रत्येक ठिकाणी हेच घडत होते. आता जी मांडणी स्वतःचीच उलट असते, तिचे दोन्ही तक्ते एकच असायला हवेत. म्हणजे अशा मांडण्या तक्त्यांच्या एकूण संख्येइतक्याच असणार. १+३+२+३+१ म्हणजे १०. वहीत मोजल्या, दहाच निघाल्या. एक, दोन, तीन, चार, पाच अंकांसाठी ही संख्या अनुक्रमे १, २, ४, १०, २६ येते, आणि पुढची कशी मिळवायची तेही सुचले: शेवटचा अंक एकतर स्वतःच्या जागी राहतो, नाहीतर उरलेल्यांपैकी एकाशी अदलाबदल करतो. म्हणून सहा अंकांसाठी २६ अधिक ५ गुणिले १०, म्हणजे ७६.

यातले काहीही नवे नाही, हे मला ठाऊक होते. अदलाबदलीचा हा प्रमेय शुट्झेनबर्जर यांनी १९६३ मध्येच सिद्ध केलेला आहे. तरीही तो मला कोणी सांगितला नव्हता, माझ्या स्वतःच्या वहीतून तो बाहेर आला होता, आणि संशोधनाचा अनुभव म्हणजे काय हे मला त्या दुपारी समजले. संगणकाला बंदी का होती तेही कळले. सेजमॅथ या गणिताच्या संगणक प्रणालीत हे सगळे तक्ते क्षणात मिळतात, परंतु मग मी ते शेजारीशेजारी ठेवून पाहिले नसते.

शुक्रवारी सरांसमोर आणि दोन पीएच.डी. विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर वीस मिनिटे सांगायचे होते. आदल्या रात्री अक्कांनी मला रिकाम्या वर्गात उभे करून सराव करून घेतला. फळा डावीकडून भरत जायचा, उदाहरण पुसायचे नाही आणि वाक्य पूर्ण झाल्याशिवाय वळायचे नाही, हे तिन्ही सल्ले उपयोगी पडले. माझे इंग्रजी अडखळत होते, तरी आकृत्यांमुळे कोणाला अडचण आली नाही. माझे सांगून झाल्यावर सरांनी विचारले, असे का होते? नियमाकडे पाहून तर दोन्ही तक्त्यांत कसलेच साम्य दिसत नाही. मला कारण माहीत नव्हते आणि मी तसे सांगितले. तेव्हा त्यांनी आलेखाच्या कागदावर मांडणीचे चार बिंदू काढले आणि प्रत्येक बिंदूची सावली वर आणि उजवीकडे पडते असे समजून सावल्यांच्या कडा रेखाटल्या. झेवियर व्हिएनो या फ्रेंच गणितज्ञांची ही पद्धत. त्या रेषांच्या एका टोकाकडून पहिल्या तक्त्याची ओळ वाचता येते आणि दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याची. कागद कर्णावर उलटवला की तक्ते बदलतात आणि मांडणी उलट होते. एका चित्राने संपूर्ण प्रमेय उलगडला. व्हिएनो यांनी याच संस्थेत २०१६ पासून काही वर्षे दिलेल्या व्याख्यानांची चित्रमुद्रणे मोफत पाहायला मिळतात. या विषयात रस असलेल्यांनी ती जरूर पाहावीत.

निघताना सरांनी पुढच्या आठवड्याचा प्रश्न दिला: स्वतःचीच उलट असलेल्या मांडणीत काही अंक आपापल्या जागीच राहतात. ते किती आहेत हे तक्ता नुसता पाहून सांगता येईल का?

शनिवारी खोलीतल्या मैत्रिणीबरोबर लोकलने चेपॉकला जाऊन विद्यापीठाच्या जुन्या इमारती बाहेरून पाहिल्या आणि मरीनावर वारा सुटेपर्यंत बसलो. दोघींचे मिळून दीडशे रुपयेही खर्च झाले नाहीत. मेसचे जेवण साधे आणि पोटभर होते. भात, सांबार, रसम आणि ताक रोज असे. पोळी आठवड्यातून काही वेळाच मिळायची, आणि ज्यांना भाताची सवय नाही त्यांनी घरून काही कोरडे खाणे न्यावे. मी नेलेली भडंग संपूर्ण मजल्याने संपवली.

रविवारी दुपारपासून मी आठवड्याचे काम लाटेक या गणिती मजकूर टंकण्याच्या प्रणालीत लिहायला घेतले. ते आधीच लॅपटॉपवर बसवून न्यावे आणि साधा तक्ता, समीकरण आणि आकृती एवढे टंकता येईल इतका सराव घरी करावा, कारण अहवाल शेवटी त्यातच द्यायचा असतो आणि यंग टॅब्लोच्या चौकटी काढायला पहिल्यांदा मला दोन तास लागले. पहिल्या आठवड्याची साडेतीन पाने झाली. चौथ्या आठवड्याच्या अहवालात त्यातली जवळजवळ सगळी तशीच गेली, म्हणून दर रविवारी लिहिण्याचा नेम पुढेही चालू ठेवला.

नव्या प्रश्नासाठी मी त्याच रात्री तीन अंकांपासून सुरुवात केली. १, २, ३ या मांडणीत तिन्ही अंक आपल्या जागी असतात आणि तक्त्यात एकेका घराचे तीन स्तंभ असतात. ३, २, १ मध्ये फक्त २ जागेवर असतो आणि तक्ता तीन घरांचा एकच स्तंभ होतो. २, १, ३ मध्येही एकच अंक जागेवर, आणि स्तंभ दोन घरांचा एक व एका घराचा एक. विषम उंचीचे स्तंभ मोजायचे, असा अंदाज मी वहीत लिहिला. चार अंकांच्या दहा मांडण्यांवर तो सोमवारी सकाळी सरांच्या भेटीपूर्वी तपासून झाला, आणि दहाही ठिकाणी बरोबर निघाला.